शस्त्रक्रियेतला हात आणि त्याचे मोजमाप

शस्त्रक्रिया करणाऱ्याचा हात बसला आहे की नाही, हे ठरवण्याचा अधिकार जवळजवळ सर्वच काळांत त्याच्या गुरूच्या किंवा वरिष्ठाच्या नजरेकडे राहिलेला आहे. ग्रंथातले ज्ञान तोंडी किंवा लेखी परीक्षेत तपासता येते, औषधाचा गुण रोग्यावर दिसतो. पण चिरा किती खोल गेला, सुई ऊतीतून किती सहज फिरली, गाठ मारताना धागा किती ताणला गेला, या गोष्टी घडतात त्या क्षणीच संपतात आणि मागे उरतो तो केवळ परिणाम, ज्यात रोग्याची प्रकृती, भूल, शुश्रूषा आणि नशीब यांचाही वाटा असतो. गेल्या सुमारे तीस वर्षांत मात्र शल्यशिक्षणाच्या प्रयोगशाळांत संवेदक, म्हणजेच सेन्सर, आले. हालचाल, दाब, बल किंवा नजरेची दिशा यांचे विद्युत्संकेतात रूपांतर करणारी ही लहान उपकरणे हाताच्या कौशल्याला आकडा देऊ लागली, आणि तो जुना अधिकार आता यंत्राकडे गेला, असा समज पसरला. इतिहास तपासला तर हा समज फार टिकत नाही. जिथे नजर नुसती मंद होती तिथे यंत्राने तिचेच म्हणणे आकड्यांत सांगितले. जिथे नजर मुळातच आंधळी होती, म्हणजे स्पर्शाच्या बाबतीत, तिथे त्याने खरोखर नवे काही दाखवले.

भारतीय परंपरेत या प्रश्नाची पद्धतशीर मांडणी सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील नवव्या अध्यायात आढळते. या अध्यायाचे नाव 'योग्यासूत्रीय', आणि 'योग्या' म्हणजे रोग्याला हात लावण्याआधी इतर वस्तूंवर केलेला कर्माभ्यास. शास्त्र संपूर्ण शिकलेल्या शिष्याकडूनही हा अभ्यास करवून घ्यावा आणि तो कितीही बहुश्रुत असला तरी अभ्यासाविना त्याला कर्मास अपात्रच समजावे, अशी संहितेची भूमिका आहे. छेदनासाठी कोहळा, दुध्या, कलिंगड आणि काकडीच्या जातीची फळे सांगितली आहेत. भेदनासाठी पाणी व चिखल भरलेली कातडी पखाल आणि जनावराचा मूत्राशय. खरवडण्याच्या कामासाठी केसांसकट ताणून बसवलेले कातडे. शीर वेधण्यासाठी मेलेल्या जनावरांच्या शिरा आणि कमळाचे देठ. एषण, म्हणजे शलाका घालून पोकळीचा माग काढणे, हे किडीने पोखरलेल्या लाकडावर आणि बांबूवर शिकवावे. आहरण, म्हणजे आत रुतलेली वस्तू बाहेर काढणे, हे फणस, तोंडली व बेलफळ यांच्या गरावर आणि मेलेल्या जनावरांच्या दातांवर. विस्रावण, म्हणजे पू किंवा रक्त वाहून काढणे, हे मेण थापलेल्या सावरीच्या फळीवर. आणि शिवण जाड व तलम कापडाच्या काठांवर नि मऊ कातड्याच्या कडांवर. पट्ट्या बांधण्यासाठी पुरुषाकृती बाहुला सांगितला आहे.

ही यादी पुष्कळदा कौतुकाने उद्धृत केली जाते, पण तिच्यातली खरी हुशारी पदार्थांच्या निवडीत आहे. प्रत्येक पदार्थ हाताला एक विशिष्ट विरोध करतो आणि चूक झाली तर ती स्वतःच उघडी पाडतो: भरलेल्या पखालीला चिरा जास्त गेला तर आतले बाहेर येते, कापडाची कड ओढली गेली तर चुणी पडते, आणि पोखरलेल्या लाकडातली वाट कुठे वळते हे डोळ्यांना दिसतच नाही, ते बोटांनीच ओळखावे लागते. या अध्यायात गुण, श्रेणी किंवा वेळ यांचा उल्लेख नाही, आणि त्याची फारशी गरजही नसावी, कारण निम्मी परीक्षा पदार्थच घेत होता आणि उरलेली शेजारी बसलेला गुरू.

ही विद्या पुढे ग्रंथांपेक्षा घराण्यांतून आणि कारागिरांच्या जातींतून चालत राहिली, याचा एक प्रसिद्ध पुरावा पुण्याचा आहे. लंडनच्या जेंटलमन्स मॅगझीनच्या ऑक्टोबर १७९४ च्या अंकात कावसजी नावाच्या गाडीवानाच्या नाकाची हकीकत छापली गेली. इंग्रज फौजेच्या चाकरीत असताना तो टिपू सुलतानाच्या हाती सापडला, तिथे त्याचे नाक कापले गेले, आणि पुढे पुण्याजवळच्या एका वीटकामाच्या जातीतील माणसाने कपाळाची कातडी वळवून त्याला नवे नाक बसवून दिले. त्या माणसाने मेणाची पातळ पट्टी नाकाच्या खुंटावर बसवून आकार घेतला, ती सपाट करून कपाळावर ठेवली, भोवती रेघ आखली आणि तेवढीच कातडी सोडवली. इथे मोजमाप होते, आणि ते अचूकही होते, परंतु ते नाकाचे होते. करणाऱ्याचा हात किती तयार आहे याची नोंद घेण्याची कल्पना ना त्याला सुचली, ना पाहणाऱ्या इंग्रज डॉक्टरांना. ही हकीकत वाचून लंडनच्या जोसेफ कार्पू यांनी मृत शरीरांवर सराव करून १८१४ मध्ये तीच शस्त्रक्रिया केली, यावरून एका वर्णनातून किती शिकता येते हे दिसते, आणि वर्णनाला सरावाची जोड द्यावीच लागली हेही दिसते.

युरोपात याच अठराव्या शतकात फ्रान्सच्या अँजेलिक द्यु कुद्रे या सुईणीने कापड, कातडे आणि कापूस यांचा प्रसूतीचा बाहुला तयार केला होता. पंधराव्या लुईच्या १७५९ च्या आज्ञापत्राने तिला देशभर फिरून गावोगावच्या सुइणींना शिकवण्याचे काम मिळाले, आणि ते तिने सुमारे पाव शतक केले. शिकणाऱ्या बहुतेक बाया निरक्षर होत्या, त्यामुळे जे काही शिकवायचे ते हाताने हाताला. या बाहुल्याचा एक नमुना रूआँ येथील संग्रहालयात आजही आहे. अंगाच्या आतले न पाहता केवळ स्पर्शाने ओळखण्याची ती तालीम होती. पण बाईच्या बोटांनी आत नेमके काय केले, ते बाहेर उभ्या असलेल्या शिक्षिकेला कळण्याची सोय त्या बाहुल्यात नव्हती. ही उणीव भरून निघायला विसावे शतक संपत यावे लागले.

भूल येण्यापूर्वीच्या काळात शल्यवैद्याच्या कौशल्याचे एकच मोजता येणारे माप होते, आणि ते म्हणजे वेळ. लंडनचे रॉबर्ट लिस्टन पाय कापण्याचे काम इतक्या झपाट्याने करत की पाहणारे खिशातली घड्याळे काढून बसत, असे सांगतात. त्यात फुशारकीचा भाग असेल, पण रोग्याच्या दृष्टीने तो वेग हीच दया होती. ऑक्टोबर १८४६ मध्ये बोस्टनला ईथरचा जाहीर प्रयोग झाला, त्याच वर्षीच्या २१ डिसेंबरला लिस्टन यांनीच लंडनमध्ये ईथरखाली पाय कापला, आणि तिथून घड्याळाची सक्ती संपली. शल्यवैद्याला सावकाश, थर ओळखत, रक्त थांबवत काम करण्याची मुभा मिळाली. तरीही गंमत अशी की कौशल्य मोजण्याच्या पुढच्या बहुतेक सगळ्या पद्धतींत 'लागलेला वेळ' हा रकाना पहिला राहिला. मोजायला सोपी असलेली गोष्ट महत्त्वाचीही असते, हा भ्रम शल्यविद्येत तरी जुना आहे.

बाल्टिमोर येथे १८८९ मध्ये उघडलेल्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात विल्यम हॉलस्टेड यांनी निवासी डॉक्टरांची जी पद्धत रुजवली, तीच थोड्याफार फरकाने आजही जगभर चालते. रुग्णालयातच राहायचे, वर्षानुवर्षे वरिष्ठाच्या हाताखाली काम करायचे, आणि जबाबदारी पायरीपायरीने वाढत जायची. कोण केव्हा वरच्या पायरीवर जाईल हे प्रमुखाच्या मनावर असे, त्याला मुदत नसे आणि कारणही द्यावे लागत नसे. या पद्धतीने उत्तम शल्यवैद्य घडवले याबद्दल वाद नाही, मात्र तिच्यात कौशल्याची परीक्षा सहवासात विरघळून गेली होती.

याच सुमारास शल्यविद्येच्या बाहेरून एक माणूस या प्रश्नाकडे वळला. फ्रँक गिलब्रेथ हा अमेरिकेतला गवंडीकामातून पुढे आलेला ठेकेदार. वीट बसवताना गवंडी करत असलेल्या १८ हालचाली त्याने ५ च्या आसपास आणल्या आणि त्यातून 'हालचालींचा अभ्यास' नावाचे शास्त्रच उभे केले. पुण्याचा तो शल्यकर्मी वीटकामाच्या जातीचा आणि शल्यवैद्याच्या हालचाली प्रथम मोजणारा विटा रचणारा, हा निव्वळ योगायोग असला तरी हातकाम आणि शल्यकर्म यांच्यातली भिंत समजली जाते तेवढी जाड नव्हती, याची आठवण त्याने राहते. १९१० च्या दशकात गिलब्रेथ याने शस्त्रक्रियांचे चित्रण केले आणि शल्यवैद्याचा बराच वेळ हत्यार शोधण्यात व उचलण्यात जातो असे दाखवून, परिचारिकेने मागणीनुसार हत्यार थेट हातात द्यावे, असा आग्रह धरला.

त्याची दुसरी युक्ती या इतिहासात अधिक महत्त्वाची आहे. कामगाराच्या बोटाला तो एक छोटा विजेचा दिवा बांधी, खोली अंधारी करी आणि कॅमेऱ्याचे झाकण काम संपेपर्यंत उघडे ठेवी. छायाचित्रात माणूस पुसट येई आणि हाताने काढलेली वाट मात्र पांढऱ्या रेघेसारखी उमटे. दिव्याची वीज ठरावीक गतीने चालू-बंद केली की ती रेघ तुकड्यांची होई, आणि तुकड्यांच्या लांबीवरून हात कुठे झपाट्याने गेला नि कुठे रेंगाळला हे वाचता येई. नवख्याची रेघ गुंतलेली आणि जाणत्याची मोकळी, हे पाहणाऱ्याला एका दृष्टिक्षेपात पटत असे. हाताचा मार्ग, त्याची लांबी, वेग आणि थांबे, या चारही गोष्टी या छायाचित्रात होत्या. पुढे ऐंशी वर्षांनी संगणकाने जे मोजले ते याहून फारसे वेगळे नव्हते.

गिलब्रेथचा स्नेही, बोस्टनचा शल्यवैद्य अर्नेस्ट कॉडमन, याने अगदी उलट टोक धरले. प्रत्येक रोग्याचा पुढे वर्षभर तरी पाठपुरावा करावा, अंतिम निष्पत्ती काय झाली ते लिहावे, आणि चूक झाली असल्यास ती कोणाची हे लपवू नये, असा त्याचा आग्रह होता. सहकाऱ्यांना तो मानवला नाही. १९१४ मध्ये त्याने मॅसेच्युसेट्स जनरल रुग्णालयाचा राजीनामा दिला आणि स्वतःच्या छोट्या रुग्णालयाच्या चुका स्वतः छापून प्रसिद्ध केल्या. हात मोजावा की निष्पत्ती मोजावी, हा वाद त्या दोघांनी मांडून ठेवला, पण शल्यविद्येने त्या काळी दोन्ही बाजूंकडे पाठ फिरवली, कारण नजरेवर चाललेल्या व्यवस्थेत कोणालाच फारशी अडचण जाणवत नव्हती.

अडचण जाणवली ती दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेमुळे. जर्मनीत एरिख म्यूहे यांनी १९८५ मध्ये आणि फ्रान्सच्या लियाँ शहरात फिलिप मूरे यांनी १९८७ मध्ये पोट न उघडता, छोट्या छिद्रांतून नळ्या घालून पित्ताशय काढले, आणि दोन-चार वर्षांत ही पद्धत जगभर पसरली. भारतात ती मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेम्टन उडवाडिया यांनी १९९० मध्ये प्रथम केली. या पद्धतीत हाताची जुनी शिकवण अपुरी पडते: हत्यार पोटाच्या भिंतीतल्या छिद्रावर तोलले जात असल्याने हात उजवीकडे नेला की टोक डावीकडे जाते, पडद्यावर खोली दिसत नाही, आणि लांब दांड्यामुळे ऊतीचा स्पर्श बोटांपर्यंत जेमतेम पोचतो. वर्षानुवर्षे पोट उघडून काम केलेले ज्येष्ठ शल्यवैद्य एकाएकी नवशिके झाले आणि पित्तनलिकेला इजा होण्याचे प्रकार वाढले. वरिष्ठच नवशिका असेल तर परीक्षा कोणी घ्यायची, हा प्रश्न हॉलस्टेड यांच्या पद्धतीला कधी पडलाच नव्हता.

१९९० च्या दशकात इंग्लंडमध्ये ब्रिस्टल येथील लहान मुलांच्या हृदयशस्त्रक्रियांचे प्रकरण गाजले. १९८४ ते १९९५ या काळातील मृत्यूंची चौकशी इयान केनेडी यांच्या अध्यक्षतेखाली होऊन तिचा अहवाल जुलै २००१ मध्ये आला, आणि शल्यवैद्याची लायकी बंद दाराआड, आपापसात ठरवण्याच्या प्रथेवर लोकांचा विश्वास उरला नाही. दुसरीकडे निवासी डॉक्टरांच्या कामाचे तास नियमांनी कमी होऊ लागले: अमेरिकेत २००३ पासून आठवड्याला ८० आणि युरोपात २००९ पासून ४८. सहवासातून आपोआप घडणारी परीक्षा या तासांत बसेना, तेव्हा ती वेगळी घ्यावी लागणार, हे सर्वांनी मान्य केले.

पहिले उत्तर टोरोंटोहून आले आणि त्यात यंत्र नव्हते. रिचर्ड रेझनिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या 'ओसॅट्स' या परीक्षेत उमेदवार एका टेबलाकडून दुसऱ्या टेबलाकडे जातो, प्रत्येक ठिकाणी ठरलेल्या वेळात एक काम करतो, आणि परीक्षक ऊतीची हाताळणी, हालचालींतली काटकसर, हत्यारांची जाण अशा सात बाबींवर एक ते पाच असे गुण देतो. ही नजरच होती, पण तिला रकाने आखून दिलेले होते. पुढच्या सर्व संवेदकांची खरी कसोटी हीच रकान्यांची नजर ठरली.

लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमध्ये आरा दार्झी यांच्या गटाने १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात जे साधन विकसित केले, ते 'इक्सॅड' या नावाने ओळखले जाते. टेबलाजवळ एक पेटी ठेवलेली असते आणि ती भोवती क्षीण चुंबकीय क्षेत्र निर्माण करते. दोन्ही हातांच्या पाठीवर, हातमोज्याखाली, तारेची वेटोळी असलेला एकेक संवेदक चिकटवलेला असतो. हात क्षेत्रात फिरला की वेटोळ्यांत सूक्ष्म प्रवाह उत्पन्न होतो आणि त्यावरून हाताची जागा नि दिशा सेकंदाला अनेकदा काढली जाते. मग संगणक हाताच्या वेगाचा आलेख काढतो. वेग चढतो आणि उतरतो, तो प्रत्येक चढ-उतार ठरावीक मर्यादेपेक्षा मोठा असेल तर एक हालचाल धरली जाते, आणि त्याहून बारीक थरथर गाळून टाकली जाते. शेवटी तीन आकडे हाती येतात: हालचाली किती, हाताने एकूण किती अंतर कापले, आणि वेळ किती लागला. टाके घालणे, रक्तवाहिनी जोडणे अशा कामांत अनुभवी शल्यवैद्यांचे हे तिन्ही आकडे नवख्यांपेक्षा कमी येतात, असे विवेक दत्ता आणि इतरांच्या अभ्यासांतून दिसून आले. जवळ लोखंडी वस्तू असली की क्षेत्र बिघडते, ही अडचण मात्र सतत राहिली, आणि शस्त्रक्रियेच्या टेबलावर धातूला तोटा नसतो.

इक्सॅडवरचे आक्षेपही तितकेच मुळाशी जाणारे होते. तीन हालचालींत बसवलेला टाका सैल असू शकतो आणि सात हालचालींत बसवलेला पक्का. संवेदकाला हात दिसतो, टाका दिसत नाही. शिवाय मापन खरे आहे हे सिद्ध करण्याची रीत अशी होती की ज्येष्ठ आणि कनिष्ठ यांचे आकडे वेगळे आले की साधन योग्य मानायचे. म्हणजे ज्येष्ठ तो कुशल हे आधीच गृहीत धरलेले, आणि तेच गृहीतक यंत्राकडून वदवून घेतलेले. काही अभ्यासांत इक्सॅडचे आकडे ओसॅट्सच्या गुणांशी जुळतात असे दाखवले गेले. त्याचा सरळ अर्थ असा की यंत्र परीक्षकाइतकेच जाणते, त्याहून अधिक नाही. ते थकत नाही आणि वशिला ओळखत नाही, हा फायदा लहान नव्हे, परंतु त्याला कौशल्याचा शोध म्हणता येणार नाही.

याच काळात इतर प्रयोगशाळांत मोजण्याची जागा हातावरून हत्यारावर सरकली. स्कॉटलंडमधील डंडी येथे अल्फ्रेड कुशिएरी यांच्या गटाने दुर्बिणीच्या कामातले हाताचे कसब तपासणारे यंत्र बांधले. सिअ‍ॅटल येथील वॉशिंग्टन विद्यापीठात जेकब रोझन आणि ब्लेक हॅनाफोर्ड यांनी दुर्बिणीच्या हत्याराच्या दांड्यावर ताणमापक बसवले. ताणमापक म्हणजे धातूची अतिपातळ पट्टी, जी ताणली किंवा दाबली गेली की तिचा विद्युत्-रोध बदलतो आणि त्यावरून बल कळते. त्यांनी शस्त्रक्रियेची फोड पकडणे, ओढणे, ढकलणे, फाकवणे अशा लहान अवस्थांत केली आणि एका अवस्थेतून दुसऱ्या अवस्थेत जाण्याची शक्यता मोजून प्रत्येकाच्या हाताची चाल मांडली. नवखा कुठे जास्त जोर लावतो आणि कुठे रिकामा थांबतो, हे यातून दिसू लागले. इथे मोजमाप प्रथमच नजरेच्या पलीकडे गेले, कारण दांड्यावरचा जोर पडद्यावर दिसत नाही.

संगणकावरचे आभासी सरावयंत्र हा याच कथेचा समांतर धागा आहे. रिचर्ड सटावा यांनी १९९३ मध्ये त्याची पहिली पावले मांडली. मँचेस्टरमध्ये घडलेल्या 'मिस्ट-व्हीआर' या यंत्रात तर अवयवही नव्हते, नुसते गोळे आणि चौकटी होत्या. तरी येल विद्यापीठात १६ निवासी डॉक्टरांवर झालेल्या आणि २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, या यंत्रावर सराव केलेल्यांनी पित्ताशय सोडवण्याचे काम २९ टक्के लवकर केले आणि त्यांच्या चुका सुमारे सहापटीने कमी झाल्या. कोहळ्यावरचा छेदही शरीरासारखा दिसत नव्हता. सरावाला हुबेहूबपणा लागतोच असे नाही.

यंत्रमानवी शस्त्रक्रियेने मोजमापाचा प्रश्न एका अर्थी सोपा केला. दा विंची या यंत्राला अमेरिकेत २००० मध्ये मान्यता मिळाली. त्यात शल्यवैद्य बाजूला बसून मुठी हलवतो आणि त्या हालचाली यंत्राचे हात करतात, त्यामुळे प्रत्येक सांध्याची स्थिती यंत्राला आधीच ठाऊक असते आणि वेगळा संवेदक लावावा लागत नाही. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठ आणि दा विंचीचे उत्पादक यांनी २०१४ मध्ये 'जिगसॉज' नावाचा नोंदसंच खुला केला: टाका घालणे, गाठ मारणे आणि सुई कड्यांतून ओवणे या तीन कामांची चित्रफीत, आणि सोबत सेकंदाला ३० वेळा टिपलेली ७६ मापे. कृत्रिम बुद्धिमत्तेने शल्यकौशल्य ओळखल्याचे जे असंख्य दावे पुढे झाले, त्यांतले पुष्कळ याच संचावर उभे आहेत. त्यात भाग घेणारे शल्यवैद्य एकूण आठ होते, ते सर्व उजखोरे होते, आणि यंत्रावर १०० तासांहून अधिक काम केलेल्यांना तज्ज्ञ मानले होते. आठ जणांच्या हातांवरून जगाच्या हातांची परीक्षा करण्याचा हा उत्साह इतिहासकाराला थोडा घाईचा वाटतो.

संवेदकाने खरोखर नवे दाखवले ते शल्यवैद्य कार्ला प्यू यांच्या कामातून, आणि त्यांची कल्पना दिसायला अगदी साधी होती: संवेदक हातावर लावण्याऐवजी त्यांनी तो तपासल्या जाणाऱ्या शरीराच्या आत ठेवला. १९९० च्या दशकाच्या अखेरीस स्टॅनफर्ड विद्यापीठात शिकत असताना त्यांनी स्त्रीच्या ओटीपोटाच्या तपासणीसाठीच्या प्रतिकृतीत, अवयवांच्या पृष्ठभागावर, दाब ओळखणारे संवेदक बसवले. विद्यार्थ्याचे बोट कोणत्या भागाला लागले, किती दाबाने लागले आणि कोणत्या भागाला लागलेच नाही, हे पडद्यावर दिसू लागले. द्यु कुद्रे यांच्या बाहुल्यात राहिलेली उणीव ती हीच.

पुढे विस्कॉन्सिन विद्यापीठात असताना प्यू आणि सहकाऱ्यांनी स्तनतपासणीच्या प्रतिकृतींवर ५५३ व्यावसायिक डॉक्टरांचे हात तपासले आणि २०१५ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये निष्कर्ष मांडले. छातीच्या भिंतीलगत, खोलवर असलेली गाठ शोधायची तर बोटांनी पुरेसा दाब द्यावा लागतो. जे डॉक्टर १० न्यूटनपेक्षा, म्हणजे साधारण एक किलो वजनापेक्षा, कमी दाब देत होते, त्यांच्या हातून ती गाठ सतत सुटत होती, आणि असे डॉक्टर १५ टक्क्यांच्या आसपास निघाले. तपासणी करताना हे डॉक्टर इतरांहून वेगळे दिसत नव्हते: बोटे योग्य जागी, गोलाकार फिरत, क्रमही बरोबर. परीक्षक समोर बसला असता तर त्याने पूर्ण गुण दिले असते. परीक्षकाने ज्याला उत्तीर्ण केले असते त्याला संवेदकाने नापास करावे, आणि ते परीक्षकाच्या मर्जीने नव्हे तर सुटलेल्या गाठीच्या पुराव्याने, ही या सबंध इतिहासातली वेगळी घटना आहे.

प्यू यांच्या गटाचे आणखी एक निरीक्षण इक्सॅडच्या पायालाच हात घालते. दोन्ही हात स्थिर असलेल्या क्षणांना जुन्या पद्धतीत काहीच किंमत नव्हती, कारण तिथे हालचालच नसते; या गटाने त्या रिकाम्या वेळाचाच अभ्यास केला आणि शिकाऊ डॉक्टर शस्त्रक्रियेच्या कोणत्या टप्प्यावर थबकतात यावरून त्यांना पुढचे पाऊल कुठे सुचत नाही, हे ओळखता येते, असे मांडले. निर्णयाची जागा हालचालींमधल्या फटींत असते, हे कोणत्याही जुन्या जाणत्या शल्यवैद्याने तोंडी सांगितलेच असते. कॅनडातल्या नजरेच्या अभ्यासांतूनही असेच काही पुढे आले: नवखा हत्याराच्या टोकाकडे पाहत राहतो, तर जाणता आधी लक्ष्याकडे पाहतो आणि हत्यार मागून तिथे येते.

कॉडमनचा प्रश्न, म्हणजे या कौशल्याचा रोग्याच्या जिवाशी संबंध किती, त्याला ठोस उत्तर मिळायला २०१३ उजाडले. मिशिगन राज्यातील लठ्ठपणावरची शस्त्रक्रिया करणाऱ्या २० शल्यवैद्यांनी आपली एकेक चित्रफीत दिली, नाव न कळता ती सहव्यावसायिकांनी पाहून गुण दिले, आणि जॉन बर्कमायर यांच्या गटाने ते गुण त्यांच्या रोग्यांच्या निष्पत्तीशी ताडून पाहिले. सर्वांत कमी गुणांच्या गटात गुंतागुंतीचे प्रमाण १४.५ टक्के, तर सर्वांत वरच्या गटात ५.२ टक्के होते. हे सगळे प्रशिक्षण पूर्ण केलेले, परवानाधारक शल्यवैद्य होते. कौशल्यातला फरक रोग्याला भोवतो हे इतक्या स्पष्टपणे दाखवणाऱ्या या अभ्यासात एकही संवेदक नव्हता.

ज्या परीक्षेला प्रत्यक्ष अधिकार मिळाला तिचीही गोष्ट अशीच आहे. माँट्रिअलच्या मॅकगिल विद्यापीठात जेराल्ड फ्रीड यांनी तयार केलेल्या सरावपेटीवरून अमेरिकेत 'एफएलएस' ही दुर्बिणीच्या कौशल्याची परीक्षा आली: खुंट्यांवरची कडी एका हत्यारातून दुसऱ्या हत्यारात देणे, आखलेले वर्तुळ कापणे, फास टाकणे, बाहेर व आत गाठ मारणे, अशी पाच कामे. अमेरिकन बोर्ड ऑफ सर्जरीने २००९-१० च्या सुमारास ती उत्तीर्ण होणे सक्तीचे केले. तिचे गुण घड्याळावरून आणि परीक्षकाने मोजलेल्या चुकांवरून ठरतात. त्यामागे केवळ सनातनीपणा आहे असे म्हणता येत नाही, कारण ज्या आकड्यावर एखाद्याची उपजीविका अवलंबून राहणार तो त्याला समजावून सांगता आला पाहिजे, आणि 'वर्तुळाच्या रेषेबाहेर कात्री गेली' हे 'हाताच्या मार्गाचा आलेख तज्ज्ञांशी जुळत नाही' यापेक्षा सांगायला सोपे आहे.

भारतात २०१९ पासून लागू झालेल्या क्षमताधिष्ठित वैद्यकीय अभ्यासक्रमाने वैद्यकीय महाविद्यालयांत कौशल्य प्रयोगशाळा, म्हणजेच स्किल लॅब, आवश्यक केली. तिथे टाके घालण्यासाठी कृत्रिम कातडीचे तुकडे, शीर टोचण्यासाठी रबरी हात, मूत्रनलिका घालण्यासाठी प्रतिकृती अशी साधने असतात, आणि सुश्रुताच्या यादीतली बहुतेक कर्मे त्यांत सापडतात. दाब मोजणारी प्रतिकृती महाग, दुरुस्तीला अवघड आणि आयातीवर अवलंबून असल्याने तिचा प्रसार थोडका आहे; उलट हाताची वाट टिपण्याचे काम आता साध्या कॅमेऱ्याने आणि संगणकाने होऊ लागल्यामुळे ते स्वस्तात येण्याची शक्यता अधिक आहे. म्हणजे जे नजरेलाही दिसतच होते ते आधी पोचणार आणि जे दिसत नव्हते ते मागाहून. तूर्त विद्यार्थी काम करून दाखवतो, ते जमले की नाही याची नोंद लॉगबुकात होते, आणि तिच्याखाली सही शिक्षकाची असते.